‘माझं चुकलं’ म्हणणारे डॉक्टर

डॉक्टर गद्रे गेल्याचं मला भिंगारच्या बाजारात सायकलचं पंक्चर काढून घेताना कळलं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होता. मान वर न करताच तो म्हणाला, “तुमचे डॉक्टर गेले की हो पहाटे. झोपेतच.” मी म्हणालो, बरं. मग म्हणालो, मागच्या चाकातही हवा भरा. तिथून सरळ त्यांच्या बंगल्यावर गेलो, ऑफिसला काही कळवलं नाही. खांदा दिला, स्मशानात शेवटपर्यंत थांबलो, घरी येऊन अंघोळ केली आणि दोन भाकरी खाल्ल्या. आज महिना होऊन गेला, डोळ्यांतून टिपूस नाही. लोकांना वाटतं, सुदाम घट्ट मनाचा आहे. तसं काही नाही. आत काही हलत नाही, एवढंच... आणि हे न हलणं माझ्या ओळखीचं आहे, कारण दोन वर्षांपूर्वी हेच घेऊन मी डॉक्टरांच्या व्हरांड्यात जाऊन बसलो होतो.

गद्रे लष्करात मानसोपचाराचे डॉक्टर होते. निवृत्त झाल्यावर भिंगारलाच राहिले. बाजारात त्यांना ‘वेड्यांचा डॉक्टर’ म्हणत, आणि त्यांच्या फाटकातून आत जाताना आपल्याला कोण बघतंय हे प्रत्येकजण आधी बघून घेई. मीही तीनदा फाटकापर्यंत जाऊन परत फिरलो होतो. माझं दुखणं सांगायला सोपं आणि समजायला कठीण होतं. मी लष्कराच्या स्टोअरमध्ये कारकून. गाव घोडेगावजवळ, घरची थोडी जिराईत जमीन, दादांचा, म्हणजे वडिलांचा, मी एकुलता एक. दुष्काळाच्या आदल्या वर्षी दादा अत्यवस्थ असल्याची तार आली. हेडक्लार्क त्या दिवशी जागेवर नव्हते. मी रजेचा अर्ज लिहिला, त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सही होण्याची वाट बघत संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. बाहेर एसटीचा थांबा होता, गावाला जायला दोन तास पुरे होते. दुसऱ्या दिवशी सही घेऊन पोचलो, तेव्हा सरण विझलं होतं. अग्नी चुलत्यांनी, नानांनी, दिला होता.

त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. रडू नाही, राग नाही, भूकही नाही. कुणी काही विचारलं की माझं ठरलेलं उत्तर असे, “तुम्ही म्हणाल तसं.” बायको माहेरी जाऊ का विचारी, तुम्ही म्हणाल तसं. मला वाटतं ती जास्त त्या उत्तरालाच कंटाळून गेली. सगळे भेटायला येऊन सांगत, अरे, तुझी काय चूक त्यात? ते ऐकलं की मी आणखी आत जाई. डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. गप्प बसणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता, पण पहिल्या दिवशी मला वाटलं, झोप लागली की काय. मग म्हणाले, “वडील जाणं तुमच्या हातात नव्हतं. थांबणं होतं. तुम्ही थांबलात.” इतक्या महिन्यांत हे कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. मला बरं वाटलं असं नाही म्हणता येणार, पण पुढच्या बुधवारी मी पुन्हा गेलो, आणि या वेळी फाटकाशी घुटमळलो नाही.

त्यांची पद्धत विचित्र होती. गोळ्या जवळजवळ नाहीतच. सल्ला तर मुळीच नाही. मी विचारायचो, डॉक्टर, मी काय करू? ते म्हणायचे, “तेच बघायला तर आपण बसलोय.” एक कारकून आणि एक कर्नलच्या हुद्द्याचा माणूस, आणि ते मला ‘अहो सुदामराव’ म्हणत. सुरुवातीला मला ते थट्टाच वाटे. कधी मी तासभर बोलत नसे. ते घड्याळाकडे बघत नसत. एकदा म्हणाले, “तुम्ही माझ्याशीही हेडक्लार्कशी बोलावं तसं बोलता. माझ्या सहीची वाट बघता.” मी हो म्हणालो. म्हटल्यावर लक्षात आलं की हेही त्यांना बरं वाटावं म्हणूनच म्हणालो होतो. ते माझ्या चेहऱ्यावर त्यांनी वाचलं असावं, कारण ते हसले.

मग दुष्काळ आला. दादांची बैलजोडी घरी होती आणि कडबा संपला होता. नानांचे निरोपावर निरोप, बैल विकायचे की नोकरी सोडून तू गुरांच्या चारा-छावणीवर येऊन बसतोस, काय ते सांग. मी ताकास तूर लागू देत नव्हतो, कारण माझ्यापाशी ना ताक होतं ना तूर. शेवटी नाना स्वतः भिंगारला आले. मी ऑफिसात होतो. मी दर बुधवारी कुठे जातो ते शेजाऱ्यांनी त्यांना सांगितलं आणि नाना थेट डॉक्टरांच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. “डाक्टरसायेब, तुमीच सांगा आता. पोरगं काय बोलाना झालंय. जनावरं मराया लई दिस न्हाई लागायचे.” आणि डॉक्टरांनी, ज्यांनी मला आठ महिन्यांत एक सल्ला दिला नव्हता त्यांनी, सांगून टाकलं की बैल विका, त्याच्या जिवाला तेवढा घोर कमी होईल.

संध्याकाळी नाना माझ्या खोलीत बसून होते. “डाक्टरसायबांनी सांगितलंय, विकायचे. येत्या बाजाराला घोडेगावात नेतो. तू काय येऊ नगं.” मी पायांत चपला घातल्या. तिथून निघालो तो बुधवार नसताना बंगल्यावर जाऊन धडकलो. माझा आवाज इतका चढला की काकू, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, आतून बाहेर आल्या. मी म्हणालो, बैल माझ्या बापाचे. तुम्ही कोण सांगणारे? तुम्हीही तसलेच! मला माझेच शब्द ऐकून भीती वाटली. डॉक्टर उठून उभे राहिले. पांढऱ्या केसांचा तो माणूस माझ्यासमोर सरळ उभा राहिला आणि म्हणाला, “माझं चुकलं. तुमचे चुलते रडवेले झाले होते, मला बघवेना. पण तुमचा निर्णय मी दुसऱ्याला देऊन टाकला. माझं चुकलं.” सारवासारव नाही, ‘तुमच्या भल्यासाठी’ नाही. माझ्याहून मोठा माणूस माझी माफी मागतो आहे, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो.  मला राग आला होता, आणि राग आला आहे हे मला कळत होतं. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, “मग, तुम्ही काय करणार?” मी म्हणालो, माहीत नाही, पण बाजाराला मी जाणार.

घोडेगावच्या बाजारात जनावराचा भाव तोंडाने होत नाही. उपरण्याखाली हात घालून बोटं दाबायची, आकडा त्या दोघांनाच कळतो. आमच्या घरी हात द्यायचे ते दादा, आणि दादांनंतर नाना. पहिला हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, आला तसे नाना पुढे झाले. मी म्हणालो, “नाना, हात मी देतो.” नानांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू बैलच बोलला. “तुला जमंल व्हय?” म्हणाले. मी म्हणालो, नाही जमलं तर नाही जमलं. त्या हेडीने चांगली बोटं दाबली होती, पण जोडी पुढे कुठे जाणार ते तो सांगेना. मी हात काढून घेतला. दुपारी कोपरगावकडचा एक शेतकरी आला. त्याच्याकडे नदीकाठी पाणी होतं, उसाचं वाढं होतं. त्याने बोटं कमी दाबली, तरी जोडी मी त्यालाच दिली. नाना घरापर्यंत बडबडत होते. मी मात्र बाजारातच उभ्या उभ्या दोन प्लेट भजी खाल्ली. भूक लागली होती.

बैल शेवटी विकलेच गेले, म्हणजे डॉक्टर म्हणाले तेच झालं. पण तेच झालं असं मला एकदाही वाटलं नाही. बुधवारी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी शाबासकी दिली नाही. विचारलं, “नावं काय होती त्यांची?” मी म्हणालो, हरण्या आणि बाळ्या. बाळ्या म्हणताना मी रडायला लागलो, बैलांसाठी की दादांसाठी ते आजही सांगता येणार नाही. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही, पाणी आणलं नाही. समोर बसून राहिले, मी थांबेपर्यंत. पुढच्या महिन्यात मी सासुरवाडीला जाऊन बायकोला म्हणालो, तू परत यावंस असं मला वाटतं. तिने एवढ्यावरच ट्रंक भरली.

डॉक्टर गेल्यानंतर तेराव्याला त्यांचा मुलगा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, “आईला आम्ही मुंबईला नेतोय. ती काही बोलत नाही. तुम्ही जरा सांगा, तुमचं ऐकेल.” तो वाईट माणूस नाही. वडील गेल्याने त्याचाही चेहरा उतरला होता. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच पटत होतं. एवढ्या मोठ्या बंगल्यात एकटी बाई काय करणार? शब्द अगदी जिभेवर आले होते. काकू दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. मी त्याला म्हणालो, मला नाही सांगता येणार. मुलगा नाराज झाला, आईचं तिकीट रद्द करून एकटाच गेला.

आता बुधवारी ऑफिस सुटल्यावर मी तिकडे जातो. त्या व्हरांड्यात आम्ही दोघं बसतो, फारसं बोलत नाही. मला अजून रडू येत नाही, त्यांनाही येत नाही. मुंबईहून पत्रं येतात, त्या वाचतात आणि घडी घालून ठेवतात. मी काही विचारत नाही. परवा त्याच म्हणाल्या, “सुदाम, सगळे विचारतात काय ठरलं, काय ठरलं. तू नाही विचारत.”

म्हटलं, “तुमचं ठरेल तेव्हा सांगा.”

“आणि नाहीच ठरलं तर?”

मी जायला उठलो होतो. काकू पदर सारखा करून म्हणाल्या, “मग बस अजून थोडा वेळ.”

मी बसलो.