इंजिनिअरचा दूरचा माणूस

तळहाताएवढ्या हिरव्या बोर्डाला वायर जोडायची, एक बोट वर करायचं, श्वास रोखायचा आणि हळूच म्हणायचं, "थांबा, उठायलाय." ताडकळसच्या आमच्या गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्याच्या खिडकीशी हे एकदा तरी ऐकलंच असणार. बहुतेक वेळा बोर्ड उठायचा नाही. मग ते बोट सावकाश खाली यायचं.

गल्लीत सगळे त्याला इंजिनिअर म्हणत. त्याच्या आणि माझ्या घराची भिंत एक. मी इथल्या हायस्कुलात शिक्षक, म्हणून त्याच्यासाठी गुरुजी. तो चाळिशीतला, उंच, मानेत थोडा वाकलेला. पुण्याला कंपनीत होता. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा सुट्टी काढून आला, तो परत गेलाच नाही. कंपनीचं काम घरून करायचा, भाकरी थापायचा, आईची वेणी घालायचा. लग्नाचं मागंच राहून गेलं होतं आणि आता कोणी विचारतही नव्हतं. उरलेला सगळा वेळ त्या बोर्डाचा.

लोक त्याच्याकडे यायचे, पण कामापुरते. "इंजिनिअर, मोबाईल हँग व्हायलाय, बघा बरं." तो बघायचा, नीट करून द्यायचा. जाता जाता त्या माणसाची नजर टेबलावर जायची.

"ह्याच्यावर पिक्चर लागतो का?"

"न्हाई."

"मग काय व्हतंय ह्याच्यानं?"

"आजून तर काहीच न्हाई."

माणूस हसायचा आणि निघायचा. इंजिनिअर दारापर्यंत सोडायला यायचा आणि तो गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत उभा राहायचा.

मीही एकदा विचारलं. तेव्हा त्यानं मला समजेल असं सांगितलं. तो हिरवा बोर्ड म्हणजे आख्खा कंप्युटरच. पण वीज मिळाली तरी आपल्याला मेमरी किती, पडदा कुठं, कीबोर्ड कुठं, हे त्याला ठाऊक नसतं. ते सगळं शोधून, जुळवून मग कंप्युटर चालवणाऱ्या मुख्य सिस्टीमला हाक मारणारा एक छोटा प्रोग्राम असतो. त्याला फर्मवेअर म्हणायचं. सगळं जग वापरतं ती सिस्टीम या बोर्डावर मुकाट्यानं चालायची. इंजिनिअरला तिथं दुसरीच एक चालवायची होती, फार थोड्या लोकांना माहीत असलेली. फर्मवेअर जागं व्हायचं, पडद्यावर चार ओळी यायच्या, सिस्टीमला हाक जायची आणि तिथंच सगळं गप.

"मग चालणारी सिस्टीम टाक की बाबा."

"ही लहान हाय, गुरुजी. एकटा माणूस बसला तर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू शकतो. आपल्या घरात काय काय हाय, हे आपल्याला म्हाईत असावं का न्हाई?"

मला ते पटलं होतं असं नाही. पण बोलताना त्याचा चेहरा उजळायचा आणि तसा तो उजळलेला मी फारसा पाहिलेला नव्हता.

त्याची आई आतल्या खोलीत खाटेवर असायची. हा बोर्डाशी पुटपुटायला लागला की तिथून आवाज यायचा, "कोणाला बोलायलास रे?"

"कोणाला न्हाई, आई."

भिंतीपलीकडून हे मला इतक्या वेळा ऐकू आलं की पुढं पुढं तिचा प्रश्न येण्याआधीच माझं मन त्याचं उत्तर ऐकून मोकळं व्हायचं.

या सगळ्यात त्याला एकच सोबती होता. युरोपातल्या एका थंड देशातला म्हातारा. उमेदीत जहाजांवरचे रेडिओ दुरुस्त करायचा, आता घरी बसून असाच बोर्ड घेऊन हीच सिस्टीम चालवायच्या मागं लागलेला. दोघं एकाच जागी अडकलेले. मेलवर बोलणं इंग्रजीत आणि सगळं कामाचं: हे बदलून पाहिलं, ते नाही चाललं, तुझ्याकडं काय दिसतंय. त्यांनी एकमेकांचा चेहरा कधी पाहिला नाही. पाहावा असं दोघांनाही सुचलं नसावं.

एकदा कामाचं सगळं संपल्यावर म्हाताऱ्यानं खाली एक ओळ जास्तीची लिहिली, आज इथं बर्फ पडलं. इंजिनिअर खास ते सांगायला माझ्याकडं आला.

"मग तू काय लिहिलं?"

"म्या लिहिलं, इथं कापूस फुटलाय." आणि लाजल्यासारखा हसला.

मागच्या हिवाळ्यात म्हाताऱ्याचे मेल थांबले. इंजिनिअरच्या खिडकीतून "उठायलाय" ऐकू येईनासं झालं. मी विचारलं तर म्हणाला, "त्याचा मेल येईना. दुखण्यात असंल. वय झालंय."

मग एका रविवारी, बाजाराचा गलका चालू असताना, तो आमच्या दारात आला. अंगात पांढरा इस्त्रीचा सदरा. मी म्हटलं, "कुठं लग्नाला निघालास?"

"न्हाई. बसायला आलो."

कोणाच्या घरचं माणूस गेलं की आपल्याकडं तिथं बसायला जातात, तुम्हाला ठाऊक आहेच. मी चमकलो. पण आमच्या घरी कोणी गेलं नव्हतं आणि त्याच्याही घरी नाही. आत्ताच त्याच्या आईचा खोकला ऐकला होता.

"माझा माणूस गेला, गुरुजी," तो म्हणाला. "कुठं जाऊन बसावं कळंना. म्हणून इकडं आलो."

म्हाताऱ्याच्या पत्त्यावरून त्याच्या मुलीचा मेल आला होता. वडील आजारपणात गेले, एवढं कळवून तिनं पुढं लिहिलं होतं की ते जेवताना तुमच्याबद्दल बोलायचे.

"तिकडं जेवताना माझं नाव निघायचं म्हणं," तो म्हणाला आणि जमिनीकडं बघत राहिला. ज्याला मी ओळखत नव्हतो, ज्याच्या गावाचं नाव मला उच्चारता येत नव्हतं, त्याच्याबद्दल काय बोलायचं?

माझी बायको आतून आली. तिनं मेल, बोर्ड यातलं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "सैपाक केला का आज?"

"न्हाई, वैनी."

मग तिनं तेच केलं जे गल्लीतल्या कोणाच्याही घरी माणूस गेल्यावर करते. पिठलं टाकलं, भाकरी केल्या, डबा भरला आणि आम्ही तिघं त्याच्या घरी गेलो. डबा बघून त्याची आई खाटेवर उठून बसायला धडपडू लागली.

"कोण गेलं गं?"

"तुमच्या लेकाच्या जवळचं माणूस गेलं, मावशी. लांब गावी."

म्हातारीनं जास्त चौकशी केली नाही. लेकाला म्हणाली, "मेणबत्ती लाव." त्यानं लावली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मागं कोण हाय?"

"एक पोरगी हाय."

"तिला कोणी जेवू घातलं का? इचार तिला."

"आई, तिकडं तसं नसतं."

"इचार म्हणलं ना."

त्यानं लॅपटॉप उघडला आणि आमच्यासमोर लिहिलं. मला वाचून दाखवलं: माझी आई विचारतेय, तुम्ही जेवलात का? पिठलं गार होत होतं, पण तो उठेना. बऱ्याच वेळानं उत्तर आलं. तिनं लिहिलं होतं, आत्तापर्यंत हे मला कोणी विचारलं नव्हतं. आता जेवते. त्यानं ते आईला मराठीत सांगितलं. म्हातारी म्हणाली, "बरं झालं. तू बी बस आता." मग तो जेवला.

त्यानंतर त्यानं पुन्हा बोर्ड काढला. म्हाताऱ्याला शेवटी शेवटी एक शंका आली होती, तिथूनच त्यानं शोध घेतला आणि ती खरी निघाली. फर्मवेअर सिस्टीमला मेमरीतली एक जागा मोकळी म्हणून सांगायचं आणि तिथं स्वतःच बसलेलं असायचं. ती चूक काढल्यावर सिस्टीम पूर्ण चालू झाली. मी बघायला गेलो. काळा पडदा, पांढरी अक्षरं, एक लुकलुकणारी खूण. बाकी काही नाही. त्यानं ती दुरुस्ती जगभरातल्या त्या थोड्या लोकांसाठी नेटवर टाकली, म्हाताऱ्याचं नाव आधी, आपलं नंतर. मग टेबल पुसलं आणि खुर्चीत नुसताच बसला. पुढं काय करायचं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

उन्हाळ्यात आई गेली. तेव्हा गल्ली भरून माणसं आली, विहारातून भंतेजी आले. सगळं रीतीनं झालं. पण नंतर भिंतीपलीकडं इतकी शांतता झाली की आम्ही नवराबायको आमच्याच घरात हळू बोलू लागलो. महिन्याभरात कंपनीनं त्याला हैदराबादच्या ऑफिसात बोलावलं. तो हो म्हणाला.

मोटारसायकलवरून मी त्याला पूर्णा स्टेशनला सोडलं. एक बॅग होती. मी विचारलं, "तिथं कोणी वळखीचं हाय का?"

"न्हाई," तो म्हणाला. "बघू."

गाडी आली, गर्दी झाली. तो डब्यात चढून दाराशी उभा राहिला. खाली एक बाई दोन पिशव्या आणि कडेवर तान्हं मूल घेऊन धडपडत होती. तिनं वर बघितलं आणि "भाऊ, धरा जरा" म्हणत मूल त्याच्या हातात दिलं. त्यानं ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं, अवघडून, घट्ट. बाई चढली, पिशव्या आत सरकवू लागली. गाडी हलली. मूल त्याच्या चष्म्याला हात घालत होतं आणि तो मान मागं घेत त्याला काहीतरी सांगत होता.

मी हात वर केला. त्यानं मला बघितलं, पण हात करायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता.