गोजरबाईंचा उलटा अल्बम

विजापूर रोडच्या आतल्या गल्लीत गोजरबाईंची मेस आहे. पाटी नाही. दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला की जेवण चालू आहे, असं समजायचं. पुढच्या खोलीत सतरंज्या, मागच्या खोलीत गॅस, पिठाचे डबे आणि खिडकीच्या गजाला दोरीनं बांधलेला एक लाल स्पीकर. भाकरी थापताना गोजरबाई त्यावर गाणी ऐकतात. पूर्वी भारुडं असायची. गेल्या वर्षभरापासून तिथं फिनलंडचा एक माणूस ओरडत असतो.

या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. एकेक गाणं दहा-पंधरा मिनिटांचं. ताल मधेच बदलतो, आपण मान हलवायला लागलो की पुन्हा बदलतो, आणि चांगल्या आवाजात गाणारा गायक अचानक घशातून गुरगुरायला लागतो. त्या बँडचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. मुलं त्याला ‘बर्फाचा अल्बम’ म्हणतात. सात गाण्यांत मिळून एकच गोष्ट आहे.

गोजरबाई साठीच्या आतबाहेर. उजनी धरणाच्या पाण्याकाठचं गाव. लेक पायल नर्सिंगला सोलापुरात आली तेव्हा तिला बाहेरचं सोसेना, म्हणून आई वर्षभरासाठी आली. लेकीबरोबर तिच्या दोन मैत्रिणी जेवायला लागल्या, मग त्यांच्या ओळखीची मुलं. पायलचं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न होऊन ती इथंच अशोक चौकाकडे राहायला गेली. मेस मात्र उरली. नवरा सयाजी गावीच. थोडा ऊस, थोडी केळी, आणि बाकी सगळा जीव मासेमारीच्या होडीत. रोज दिवस मावळला की गोजरबाई त्याला फोन लावतात. “लागला का काठाला?” एवढं विचारायचं, तिकडून “व्हय” आलं की ठेवून द्यायचा. पोरं हसतात. त्या म्हणतात, “हसा. तुमच्या बायका एवढं बी इचारायच्या न्हाईत.”

मी हे इतकं जवळून सांगते आहे, कारण माझा मुलगा शिवराज त्या मेसमध्ये जायचा. आमचं घर तिथून दोन गल्ल्यांवर. घरात जेवण असताना मेसमध्ये कशाला, हे मला पहिल्यांदा कळलंच नाही. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत त्याला दुसऱ्यांदा मार्क कमी पडले. बी.एस्सी.ला नाव घातलं, कॉलेजला जायचा, यायचा, दार लावून घ्यायचा. विचारलेल्याला ‘हो’ किंवा ‘नको’. आमचे हे कुर्डुवाडीला रेल्वेत, ड्युटीप्रमाणे घरी येतात. ते म्हणाले, “वय आहे. ऐकू दे त्याला गाणी.”

पण दाराआडून रोज संध्याकाळी तेच एक गाणं यायचं. अल्बममधलं शेवटचं. मी त्याचे शब्द शोधून काढले आणि वाचले. एक माणूस गोठलेल्या तळ्यावरून चालला आहे, घर समोर दिसतं आहे, आणि त्याच्या पायाखालचा बर्फ फुटतो. पाणी काळं आहे, असं आठ वेळा म्हटलं आहे. मुलगा ते रोज का ऐकतो, हा प्रश्न त्याला विचारायची माझी छाती होईना. उत्तर आलं तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

म्हणून एका दुपारी मी मेसमध्ये गेले. जेवणं आटोपली होती. गोजरबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

“बसा की ताई. शिवराजची आई न्हवं? नाकावरनं वळखलं.”

“तो इथं बोलतो का काही?”

“लई न्हाय. पर जेवतोय. मागून घेतोय. ऐतवारी सांच्याला मेस बंद असती, तवा पोरं हितं बसून गानी ऐकत्यात. मी किल्ली दिऊन लेकीकडं जाती.”

सोलापुरातच काय, सगळीकडेच मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असते. मुलं बाहेर काहीतरी खातात. ही मुलं मात्र रिकाम्या सतरंज्यांवर बसून हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत.

“ते काय ऐकतात, तुम्हाला माहीत आहे?”

“न माहीत असाया काय झालं? मी बी त्येच ऐकती.” त्यांनी मेथीच्या काडीनं खिडकीकडं दाखवलं. “एकदा त्येंचं गानं चालूच ऱ्हायलं हुतं. मी पीठ मळत हुते, हात भरलेलं, बंद कोन करनार? ऐकत बसले. मग इरेशला म्हनलं, माझ्या डब्ब्यात भरून दे.”

विरेश हा अक्कलकोटकडचा, इंजिनिअरिंगचा मुलगा. त्यानंच शिवराजला तिथं नेलं होतं. इंग्रजी गाण्याचा अर्थ गोजरबाईंना पोरांनी जेवता जेवता सांगितलेला. कुणी एका गाण्याचा, कुणी दुसऱ्याचा.

“काय आहे मग गोष्ट?” मी विचारलं.

“एक मानूस पान्यातनं वर येतुया. समदीकडं बर्फ. आपली उजनी गोठली म्हना की, ह्या काठापासनं त्या काठापतोर. त्यावरनं त्यो चालतुया. मदी लई वारं सुटतं, तितं वरडतो. रागानं न्हाय हां. वाऱ्यात हाळी द्यायची म्हंजी वरडावंच लागतं, आमचं मालक बी पान्यावरनं तसंच वरडत्यात. तर लेकरू आजारी हाय त्याचं, औषिद आनाया गेल्याला असतो. चालत चालत घरला येतुया. आन शेवटाला चूल पेटती. तितं त्यो गातच न्हाय, निस्तं वाजतंय. ते लई ग्वाड हाय.”

मी वाचलेली गोष्ट अशी नव्हती. तो माणूस पहाटे चूल पेटवून निघतो, तळं ओलांडून गावात जातो, औषध घेतो आणि परत येताना बुडतो. नंतर कळलं की विरेशनं गाणी एकामागून एक बरोबर भरली होती, पण तो स्वस्तातला स्पीकर शेवटी भरलेलं गाणं आधी वाजवत होता. भाकरीच्या पिठानं भरलेल्या हातांनी बटणं कोण दाबणार? गोजरबाई वर्षभर सगळा अल्बम उलटा ऐकत होत्या.

“गोजरबाई, तो माणूस शेवटी बुडतो,” मी म्हणाले.

“कोन म्हनतं?”

“लिहिलेलं आहे. मी वाचलं.”

“वाचलं आसंल. ऐकलंय कुटं तुमी?”

ते खरं होतं. मी दाराआडून आवाज ऐकला होता, गाणं नाही. मग मी त्यांना माझी भीती सांगितली. शिवराज तेच बुडण्याचं गाणं रोज ऐकतो, त्याच्या मनात काय आहे मला कळत नाही, असं काहीतरी. त्यांनी मेथी बाजूला ठेवली.

“ह्या ऐतवारी मी लेकीकडं जात न्हाय. तुमी बी या. पोराला काय वाटंल त्ये वाटू द्या.”

पोराला फारच वाईट वाटलं. मला दारात बघून त्यानं नुसती मान फिरवली. विरेशनं मला भिंतीपाशी जागा करून दिली. हमजा नावाचा, घरच्या टॉवेलच्या दुकानात बसणारा मुलगा दोन मोठे स्पीकर घेऊन आला होता. त्यानं परात फिरवली आणि सगळ्यांचे फोन त्यात गोळा केले. “अल्बम संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही काकू, आणि उठायचं तर अजिबात नाही. नियम आहे.”

“लघवीला?” गोजरबाईंनी विचारलं.

“आत्ता जाऊन या, मौसी.”

पहिलं गाणं लागलं. काड्या मोडल्यासारखा आवाज, मग एकटी गिटार, हळूहळू ऊब आल्यासारखी. खरंच गोड होतं. गोजरबाई लगेच म्हणाल्या, “इरेश, शेवटचं आदी लावलं रं.”

“हेच पहिलं आहे मावशी. श्श.”

त्यांना चेष्टा वाटली. त्या गप्प बसल्या, पण प्रत्येक गाण्याला त्यांचा चेहरा बदलत गेला. एखाद्याला आपल्याच घराच्या जिन्यानं खाली उतरायला लावावं आणि प्रत्येक मजला अनोळखी निघावा, तसं. बाकीची मुलं डोळे मिटून बसली होती. कुणाचं बोट मांडीवर चालत होतं, ताल बदलायच्या आधीच थांबत होतं. गाण्यातल्या एका जागी हमजाच्या हातावर काटा आला आणि त्यानं तो हात विरेशला दाखवला. दोघं हसले, आवाज न करता. इतक्या मनापासून मी कुणाला काही ऐकताना फार वर्षांत पाहिलं नव्हतं. शिवराज मात्र ताठ बसला होता.

शेवटचं गाणं आलं. ओरडणं, मग तडा गेल्याचा आवाज, मग काहीच नाही.

“म्होरलं लाव,” गोजरबाई म्हणाल्या.

“संपलं मावशी.”

“संपलं म्हंजी? चूल कुटं हाय?”

विरेशच्या ध्यानात आलं तेव्हा त्यानं डोक्याला हात लावला. सगळं समजावून सांगितलं. मग जी हसाहशी झाली, ती गोजरबाईंना मुळीच आवडली नाही.

“दात काडू नगंसा. माझं बराबर हाय. तुमचंच उलटं हाय. मानूस बुडवून उटायचं आन घरला जायचं, ही कसली रीत? परत चूल लावा, मग उटा.”

“तसं नाही चालत मावशी,” विरेश म्हणाला.

“मेस कुनाची हाय?”

“मौसी का पॉइंट है बे,” हमजा म्हणाला. “लावून टाक पहिला गाणा. काय बिघडतंय?”

“बिघडतं.”

हे शिवराज बोलला. सगळे त्याच्याकडे वळले, मीसुद्धा.

“सगळं बिघडतं. बँडला सहा वर्षं लागली हा क्रम लावायला. पहिल्या गाण्यात जी गिटार आहे ना मावशी, तीच प्रत्येक गाण्यात येते, जरा जरा थंड होत. उलटं केलं तर त्याला काही अर्थच नाही. निघताना त्याला माहीत नसतं काय होणार आहे, म्हणून तर ते गाणं तसं वाजतं. तुम्ही त्याला आधीच वाचवून टाकलं.”

एका दमात एवढं. गोजरबाई त्याच्याकडे शांतपणे बघत होत्या.

“बरं. मग तुला काय आवडतं त्यात? बुडायचं?”

मी चार महिने जे विचारू शकले नव्हते, ते त्यांनी भाजीत मीठ आहे का, अशा आवाजात विचारलं.

शिवराज सतरंजीची दशी ओढत राहिला. मग म्हणाला, “बुडायचं नाही. त्याच्या आधीचं. बर्फ फुटतो तेव्हा तो औषधाची पिशवी पुढं फेकतो. काठाकडं.”

“कुठं आहे पिशवी?” विरेश म्हणाला. “शब्दांत नाहीये.”

“शब्दांत नाहीच. वाजतं. तडा गेल्यावर एक बारीक सूर लांब लांब घसरत जातो. बर्फावरून पिशवी जाते आहे ती.”

“क्या बोलरा? वो गिटार का फीडबॅक है, स्पीकर की सीटी बस,” हमजा म्हणाला.

“लाव. ऐक.”

मग तो तुकडा किती वेळा लावला, याला गणती नाही. हमजा नाहीच म्हणत होता, विरेश मधेच फुटून शिवराजच्या बाजूला गेला, कुणीतरी आवाज वाढवला, कुणीतरी पंखा बंद केला. नियम कधीच मोडला होता. मीही कान देऊन बसले. तड्यानंतर खरंच काहीतरी घसरत दूर जात होतं. मला ते खरंच ऐकू आलं, की मुलानं सांगितलं म्हणून आलं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही.

“लागली का मग काठाला?” गोजरबाईंनी विचारलं.

“माहीत नाही. आवाज विरतो तिथं.”

“म्हंजी लागली. बुडाली असती तर डुबुक झालं असतं.”

यावर शिवराज हसला. मग ते दोघं पुन्हा भांडायला लागले. तो म्हणे, ते मोकळं सोडलं आहे, त्यातच मजा आहे. त्या म्हणत, मोकळं सोडलंय तर मग मी घेतलं. शेवटी विरेशनं त्यांचा स्पीकर नीट करून द्यायची तयारी दाखवली. त्या नको म्हणाल्या. “भाकरी करताना माझं माझ्या रीतीनं वाजू द्या. तुमच्या ऐतवाराला तुमच्या रीतीनं ऐकीन मी. हितं बसून. पर त्या पिशवीपाशी मला आदी सांगायचं, म्हंजी ध्यान दिऊन ऐकती.”

आम्ही स्कूटरवरून निघालो. तो मागे बसून अजून बोलतच होता. हमजाला तालातलं कळतं पण सुरातलं नाही, आणि पाचव्या गाण्याला सगळे उगाच नावं ठेवतात. मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घेतली. एका ठिकाणी त्याचं बोलणं थांबलं, तेव्हा मी मागं न बघता विचारलं, “शिवराज, तुझ्या मनात कधी येतं का तसं? नको वाटणं?”

त्यानं स्कूटरची मागची कडी धरली.

“निकालानंतर यायचं,” मग म्हणाला. “आता कमी येतं. येतं पण.”

“आलं की मला सांगशील?”

“सांगीन. पण तू लगेच रडायचं नाहीस.”

मी बरं म्हणाले. समोरचा रस्ता मला नीट दिसत नव्हता, म्हणून स्कूटर हळू केली. त्याला वाटलं खड्डा आहे. घरी आल्यावर मी त्याला म्हटलं, आपण कुणाला तरी भेटू या, अशा गोष्टींचे डॉक्टर असतात. तो नाही म्हणेल असं धरून मी पुढची चार वाक्यं तयार ठेवली होती. त्यांची गरज पडली नाही. कुठलाही दिवस चालेल, म्हणाला. फक्त रविवारची संध्याकाळ नको.