धरणाला कबूल केलेला नारळ

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. जमनाआत्याने धरणाला दिलेला नारळ पाण्यात गेलाच नाही. तो आमच्या सालवडच्या घरात, माळ्यावर, एका जुन्या हेल्मेटमध्ये आहे. महिन्यापूर्वी भावाचा फोन आला, "आत्या गेली," तेव्हा माझी नजर आधी माळ्याकडे गेली...

आत्या तारापूरच्या किनाऱ्यावरची. जन्मभर मासळी सुकवून विकली. दारातली विहीर खारी, म्हणून गोड्या पाण्यासाठी हंडे घेऊन लांबच्या वाडीत जायचं आणि नंबर लागेपर्यंत उभं राहायचं. त्या रांगेतच तिने नवस बोलला होता : दारात गोडं पाणी आलं, तर ते जिथून येईल तिथे जाऊन नारळ देईन. नळ आला तोवर तिचे गुडघे गेले होते. भेटलो की टोमणा ठरलेला, "तुज्या कंपनीला सुट्टी नाय का रं कवा?" शेवटी एका रविवारी तिला मोटारसायकलवर मागे बसवून, नळाचं पाणी ज्या धरणातून येतं तिथे नेलं. सात-आठ नारळ कानाशी हलवून तिने एक निवडला होता, तो वाटभर पदरात घट्ट धरून होती.

डोंगरांमध्ये पसरलेलं ते पाणी तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "याला व्हटी कवा लागते?"

"आत्या, धरण आहे हे. याला भरती-ओहोटी नसते."

"मंग करमतं कसं त्याला?"

पाण्यापर्यंतची उतरण तिला झेपणारी नव्हती. नारळ माझ्या हाती देत म्हणाली, "माज्या नावानं सोड. नाव मोठ्यानं घे, हां." वळणापलीकडे, पाण्याच्या कडेला, आमच्या कंपनीतले साहेब लोक फोटो काढत होते. आपण कुठल्या घरचे, हे मी कंपनीत कधी कळू दिलं नव्हतं. "अरे, आप यहाँ? पूजा-वूजा है क्या?" एकाने हसत विचारलं. "नहीं सर, ऐसे ही," म्हणालो आणि कुंकू लावलेला नारळ जॅकेटखाली सारला.

वर आलो तर आत्याचा पहिला प्रश्न, "कुठं गेला नारळ?" समुद्राला दिलेला नारळ परत काठाला लागला, तर तिला चार दिवस चैन नसायची.

"आत गेला. मधोमध."

"घेतला म्हंजे त्यानं," ती म्हणाली, आणि तोंडभर हसली.

त्यानंतर कधीही गेलो, की चहाच्या आधी नळाचा पेला पुढे यायचा. "पी. नवस फिटलेलं पानी हाय." मी प्यायचो... काय करणार?

परवा माळ्यावरून तो नारळ काढला, तिच्यासारखा कानाशी हलवला. आत थेंबाचाही आवाज नाही. असला नारळ दिलेला तिला चालला नसता. म्हणून येत्या रविवारी बाजारातून नवा घेईन, कानाशी हलवून. त्याआधी बायकोला हे सगळं सांगेन आणि तिलाही धरणावर नेईन. काठावर साहेब असोत नाहीतर आणखी कुणी, आत्याचं नाव मोठ्याने घेईन. दिवसकार्याला तिच्या घरी पुन्हा तोच पेला समोर आला होता, तो मी तसाच ठेवून उठलो.

जमनाआत्याच्या नावाचा एक नारळ मी अजून त्या पाण्याला देणं लागतो.