चिरेखाणीतले बार

दिवसा मी साखळी गावातल्या एका शेटची गाडी चालवतो आणि सोमवारी देवळात भजनाला पखवाज वाजवतो. गाडी पोटासाठी, पखवाज तेवढा माझा स्वतःचा.

शेटने लायसनवर मोठ्या काडतुसांचं रिव्हॉल्वर घेतलं. ते वाजवून बघायला आम्ही मये गावाच्या बाजूला एका बंद पडलेल्या चिरेखाणीत गेलो. तिथे तीन बाजूंना कापलेल्या चिऱ्यांच्या उंच उभ्या भिंती आहेत. शेटच्या कानांवर जाडजूड झाकणं होती. माझ्या कानांवर देवाची कृपा!

पहिला बार झाला. तो ऐकू आला असं म्हणवत नाही. छातीवर कोणी पाट आपटावा तसा तो बसला. नळीतून जाळ निघाला, आणि भिंतींनी तोच आवाज परत आमच्या अंगावर फेकला.

"आता तू मार," शेट म्हणाला.

"नको शेट."

"भियेलो काय रे?"

मी झाकणं मागितली. म्हणाला, "एकच जोड आहे. कानात बोटं घाल." अरे शहाण्या, रिव्हॉल्वर दोन हातांनी धरायचं, तर बोटं घालायला तिसरा हात आणू कुठून? पण नोकरी त्याची. मी चाप ओढला. हात कपाळापर्यंत उडाले, अंगठ्याच्या बेचक्यातलं सालटं गेलं. शेट पोट धरून हसला आणि काडतुसं संपेपर्यंत त्याने मला मारायला लावलं. मेल्याच्या तोंडावर ते फेकून यायला हवं होतं.

मनगट चार दिवसांत बरं झालं. कानातली शिट्टी मात्र थांबेना. डॉक्टरीण म्हणाली, नसेला मार बसलाय, गेलं ते परत येत नाही.

सोमवारी देवळात हातोडी घेऊन पखवाज सुरात लावायला बसलो. पेटीचा सूर कुठला आणि शिट्टी कुठली, काही कळेना. पखवाजाचे लाकडी गट्टे ठोकत राहिलो, शेवटी अंदाजाने थांबलो. आमचे म्हातारे बुवा पेटीवर होते. सूर केसभर हलला तरी भर देवळात मला गाढव म्हणणारा हा माणूस. ते पुढे वाकले, माझ्या कानाला तोंड लावून मोठ्याने म्हणाले, "बरो लागला रे बाबा. चल, वाजव."

मला रडूच फुटलं. पखवाज उचलून मी शेजारच्याच्या मांडीवर दिला.