मामांचं ‘प्रॉपर’

इंग्रज जाताना आपली भाषा लालबागेत ठेवून गेले आणि तिच्या राखणीचं काम माझ्या बायकोच्या मामांकडे आलं, याबद्दल निदान मामांच्या मनात कसलीही शंका नव्हती. गिरणी कामगाराचा हा मुलगा परळच्या एका शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाला, पण निवृत्त झाली ती फक्त शाळा. चाळीतल्या लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, सगळं त्यांच्या लाल पेनाखालून जायचं. साऱ्या भाषेत त्यांचा जीव अडकला होता तो मात्र एका विशेषणात. ‘प्रॉपर’. या शब्दाचे मुंबईत जेवढे हाल झाले तेवढे गिरणी कामगारांचेही झाले नाहीत, असं ते म्हणायचे, आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा अजिबात विनोदी नसायचा.

मी मामांच्याच घरी मुलगी बघायला गेलो तेव्हा माझ्या वडिलांनी पोह्यांची बशी हातात घेता घेता, आपली साधी चौकशी म्हणून विचारलं, “आपण प्रॉपर कुठले?” मामांनी चष्मा काढून पुसला. मग पाऊण तास त्यांनी आम्हाला सांगितलं, की हा शब्द मुळात ‘स्वतःचं’ या अर्थाचा. म्हणून प्रॉपर नाउन म्हणजे विशेषनाम, ज्याचं त्याचं स्वतःचं नाव. नामाच्या आधी आला तर योग्य, धड. प्रॉपर जेवण म्हणजे धड जेवण. आणि गावाच्या नावामागून आला तर त्या गावाच्या वेशीच्या आतलं, तेवढंच. “पण ‘तुम्ही प्रॉपर कुठले’ हे इंग्रजीच नव्हे. प्रॉपर कुठला नसतो, माणूस कुठला तरी असतो!” माझे वडील गिरगावातले, पोस्टात नोकरी केलेले, वादाला मागे न हटणारे. लग्न मोडायच्या बेताला आलं होतं. तेवढ्यात आतून मामी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “गप ऱ्हवा हो जरा. पावण्यांका पोहे खाऊक द्या.” मामा गप्प बसले. त्यांना गप्प बसवू शकणारी मुंबईतली ती एकमेव व्यक्ती होती, आणि तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं.

मामी मालवणकडच्या. कामाला वाघ आणि बोलायला कमी. मामा दिवसभर बोलत, मामी तांदूळ निवडत ऐकत. पंचेचाळीस वर्षं हे असंच चाललं. दारावर आलेला मासेवाला “ताई, प्रॉपर ताजी सुरमई” म्हणाला की मामा आतून ओरडत, “हे बरोबर आहे!”, आणि बँकेतल्या मुलीने “प्रॉपर सही करा” म्हटलं की तिला आधी शाबासकी आणि मग व्याख्यान मिळे. मामी एवढंच म्हणायच्या, “झाला ह्यांचा सुरू.”

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मामी चहाचं आधण ठेवताना ओट्यापाशीच कोसळल्या. मेंदूत रक्ताची गाठ. परळच्या इस्पितळात तीन आठवडे काढले. उजवा हात लुळा पडला, पाय थोडा वाचला, पण वाचा गेली. सगळी नाही. एक शब्द उरला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, बाकीचं सगळं पुसलं जातं आणि एखादाच शब्द तोंडात राहतो. कुणाच्या देवाचं नाव राहतं, कुणाची शिवी. मामींच्या तोंडात राहिला तो शब्द ‘प्रॉपर’.

त्या पाणी हवं असलं तरी “प्रॉपर” म्हणत, पंखा नको असला तरी “प्रॉपर”, आणि आपल्याला हवं ते समोरच्याला कळत नाही म्हणून रडतानाही “प्रॉपर, प्रॉपर” असंच रडत. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी खोलीबाहेर गेलो. मामा गेले नाहीत. वाचा शिकवायला येणारी मुलगी त्यांच्या नातीच्या वयाची होती. तिने बजावलं, “आजोबा, त्यांची चूक सुधारायची नाही हं. अजिबात. त्या काय म्हणतात ते समजून घ्यायचं.” जन्मभर दुसऱ्यांच्या चुका सुधारलेल्या माणसाने मान खाली घालून “हो” म्हटलं.

मग मामांनी एक शंभर पानी वही केली. मी ती पाहिली आहे. शाळेत शब्दार्थ लिहून देत तशाच ठळक अक्षरात, एकाखाली एक: शेवट लांबवला तर पाणी. तोडून म्हटलं तर पंखा. दोनदा आणि हळू, तर पाठ दुखते. डोळे मिटून, तर एकटीला बसू द्या. एका ओळीपुढे नुसतं प्रश्नचिन्ह होतं. मी विचारलं तर म्हणाले, “हे ती संध्याकाळी दिवा लावताना म्हणते. माझ्याकडे बघून. अर्थ अजून लागला नाही.” शाळेत पोरांना त्यांनी या शब्दाचे तीन अर्थ शिकवले होते, वहीत तेव्हा एकोणीस झाले होते.

आठ महिन्यांनी मामींना दुसरा शब्द आला. “अहो.” मामा गॅलरीत धावत जाऊन सगळ्या मजल्याला सांगून आले. पुढे चहा आला, नको आला, माझ्या बायकोचं नाव आलं. आता त्या अडखळत का होईना, छोटी वाक्यं बोलतात. आणि हे नवे शब्द आले तसा तो जुना गेला. गेल्या गणपतीनंतर त्यांच्या तोंडून कुणी तो ऐकलेला नाही.

परवा गेलो होतो. मामा थकलेत. मी म्हटलं, “मामा, केवढी सुधारणा आहे! जिंकलात तुम्ही.”

“हो ना,” ते म्हणाले. “पाणी हवं असलं की आता पाणी म्हणते. चांगलंच झालं.” मग गॅलरीतल्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी चष्मा काढून पुसला. “पण जावईबापू, पंचेचाळीस वर्षं मीच बोलत होतो हो. तिचं ऐकायला बसलो ते त्या आठ महिन्यांत. आणि तेव्हा मला असं वाटायला लागलं होतं की दिवा लावताना ती जे—”

आतून मामींनी हाक मारली. मामा उठले आणि आत गेले. त्यांनी एखादं वाक्य अर्धवट सोडलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी थोडा वेळ थांबलो, पण ते बाहेर आले नाहीत. आतून मामींचा सावकाश, अडखळता आवाज येत राहिला, आणि मध्ये मध्ये मामांचा, नुसता हुंकार.