व्हिएतनामात न आलेला पूर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या बायकोपासून काही लपवणं म्हणजे काय दिव्य असतं, हे तिला ओळखणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. मिरे विकणाऱ्याच्या पोटातही कधीतरी जळजळतंच की.

पवनीला माझं किराणा-मसाल्याचं दुकान आहे. पण खरा शौक म्हणाल तर काळ्या मिऱ्यांचा भाव. लोक सकाळी उठून देवाचं नाव घेतात, मी कोचीचा भाव बघतो. मग व्हिएतनाम, मग ब्राझील, मग इंडोनेशिया — चहा येईपर्यंत माझी पृथ्वीप्रदक्षिणा आटोपलेली असते. व्हिएतनामात पीक जास्त आलं की इथे पवनीत भाव उतरतो, तिकडचा माल श्रीलंकेच्या वाटेने कमी करात आत शिरला की आपल्या केरळ-कर्नाटकातल्या बागवाल्यांची झोप उडते — हे सगळं मी पुडी बांधता बांधता गिऱ्हाइकाला ऐकवतो. गिऱ्हाईक धने घ्यायला आलेलं असतं. बिचारं ऐकून घेतं.

आता मुद्द्यावर येतो. येतोच आहे — जरा दमानं घ्या.

काही वर्षांपूर्वी मिरे चढत गेले, चढतच गेले. मला वाटलं, आता हे खाली येत नाहीत. मी पोत्यांवर पोती भरून ठेवली. जाणकार ना मी! पोती गोदामात लागली आणि भाव घसरायला लागला. चढ्या भावाला भुलून व्हिएतनामात ज्याने त्याने वेली लावल्या होत्या, आणि त्या सगळ्या एकदम फळाला आल्या होत्या. जगात मिरेच मिरे झाले. रोज सकाळी कोची खाली, आणि माझं तोंडही खाली. पण दुकानातला भाव? तो मी उतरवलाच नाही.

शेजारच्या आसगावच्या विमलबाईंची रस्त्याला लागून खानावळ आहे. त्यांचा मटणाचा काळा रस्सा असा, की पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आणि दुसऱ्याला आणखी भात. सगळी करामत मिऱ्यांची, आणि मिरे माझ्या दुकानातले. भाव उतरला की मी आपणहून सांगतो, म्हणून त्यांचा माझ्यावर भरवसा. तोवर सांगत आलोही होतो.

त्या दिवशी त्या आल्या. "जय भीम, भाऊ. मिरे काही उतरले का नाही?"

काय बिघडलं असतं हो खरं बोललो असतो तर? 'उतरले बाई, पण मी महाग घेऊन बसलोय.' झालं, संपलं. पण मग मी कसला जाणकार? मी म्हणालो, "उतरतील कसे? व्हिएतनामात पूर आला ना."

पूर! वैनगंगेकाठच्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय?

"अरे बाप्पा! वेली बुडाल्या?"

"बुडाल्या."

"मंग सालभराचं गेलं त्यायचं." विमलबाईंच्या घरातही एकदा नदीचं पाणी शिरलं होतं. मग त्यांनी विचारलं, "ते लोक बी बुद्धाले मानणारेच हायेत ना?"

बरेचसे आहेत, मी म्हणालो. मी सांगितलेल्यापैकी तेवढंच खरं होतं.

घासाघीस न करता त्या मिरे घेऊन गेल्या. मला वाटलं, निभावलं. पण आठवडा गेला न गेला, त्या आमंत्रण घेऊन हजर. बुद्धपौर्णिमेला विहारात पूरग्रस्तांसाठी मंगल कामना करायची होती. "तुमाले तिथलं सगळं मालूम हाये, भाऊ. दोन शब्द सांगा."

नाही म्हणता आलं नसतं का? आलं असतं. पण जन्मात पहिल्यांदा कुणी मला भाषणाला बोलावत होतं! बायकोने सदऱ्याला कडक इस्त्री करून दिली.

आणि आता सांगायला सगळ्यात अवघड गोष्ट — मला मजा आली. समोर पांढऱ्या साड्यांतल्या बाया, हातात गुलाबाचं फूल, आणि मी न पाहिलेला देश उभा करतोय. गढूळ पाणी आणलं, मोडलेले मांडव आणले. एक म्हातारा आणला, होडीत बसून आपल्या बुडालेल्या वेली हाताने चाचपणारा. तो तर मला इतका साधला, की मी त्याला परत एकदा होडीत बसवला. प्रत्येकाजवळ मोबाइल होता. एकानेही काढून बघितलं नाही. एका आजोबांनी विचारलं, "काही मदत पाठवाची काय?" मी घाबरून म्हणालो, "नको नको, सरकार करून राहिलं!" मग सगळ्यांनी डोळे मिटून त्या लोकांचं भलं चिंतलं. मीही मिटले. पण चोराच्या मनात चांदणं — एक डोळा किलकिला करून पाहिलं. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. विमलबाईंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

पुढच्या खेपेला मी व्यापारी डोकं चालवलं. खोटं तसंच राहावं आणि पाप तेवढं कमी व्हावं, असा बेत. म्हणालो, "बाई, तुमच्यासाठी थोडा कमी लावतो."

विमलबाई चिडल्याच. "नोको भाऊ! त्या लोकायचं सारं वाहून गेलं, अन् मी त्यायच्या मिऱ्यात घासाघीस करू? पुरा भाव लावा."

खरं सांगितल्याशिवाय त्यांना स्वस्त मिरेही देता येणार नव्हते. बघा, कसा सापडलो! आणि मी काय केलं? पुरा भाव लावला.

रस्स्यातले मिरे त्यांनी कमी केले नाहीत. थाळीही महाग केली नाही — जेवायला येणारे मजूर मग कुठे जातील, म्हणे. खानावळीवर टिनाचं छप्पर टाकायचं होतं, ते त्या वर्षी राहिलं. सगळा पावसाळा त्यांनी ताडपत्रीखाली चूल चालवली. हे मला कसं ठाऊक? मी तिथे जेवायला जायचो ना. ताडपत्रीतून पाणी ठिबकायचं, विमलबाई भांडं सरकवायच्या, आणि मी रस्सा मागून घ्यायचो. शेवटचं पोतं संपेपर्यंत मी त्यांना त्याच भावाने मिरे विकले. संपल्यावर म्हणालो, भाव उतरला. त्यांनी माझे आभार मानले.

अलीकडे मिरे खरोखरच चढलेत. परवा विमलबाई आल्या तेव्हा चढा भाव सांगताना माझी जीभ अडखळली. त्यांना वाटलं, मला संकोच वाटतोय. हसून म्हणाल्या, "राहू द्या, भाऊ. पुरात बुडाले होते बिचारे, आता त्यायले चार पैसे भेटून राहिले असतील. बरं झालं बाप्पा!"

किती खूश होत्या. मी "हो" म्हणालो, आणि मिरे तोलून दिले.