पूजेचा माल

"तुम हाथ मत लगाना. पूजा का माल है."

सुपरवायझर पंडितजी हसतच म्हणाले. त्यांच्या हातात हळदकुंकवाचं ताट. आत आग चालत नाही, म्हणून बॅटरीवरचा दिवा. समोर झेंडूच्या माळा घातलेले तोफेचे गोळे. सीमेवर लढाई पेटली होती, जबलपूरच्या आमच्या फॅक्टरीत सुट्ट्या रद्द होत्या. आठवडाभर त्या गोळ्यांत बारूद मीच भरली. मी बौद्ध. त्यांच्या लेखी अजून ती जुनीच जात. कुंकू लागलं, आणि मीच भरलेला गोळा माझ्या हातानं बाटणार होता.

दर दसऱ्याला मी असाच बाजूला उभा राहिलो. वरून टाकलेला प्रसाद ओंजळीत घेतला. खाल्लाही.

आरती संपली. गाडी लागली.

"चलो भैया, अब उठाओ. लोड करो."

मी हललो नाही. "पूजा का माल है, पंडितजी. आप ही उठाइए."

मागून कोणी बोललं, "लड़ाई चल रही है और इनको इज्जत सूझी है."

"बुद्ध वाले हैं भाई, बम से डरते हैं."

सगळे हसले. माल मात्र त्यांनाच चढवावा लागला.

घरी बायकोला सांगितलं. ती खूश झाली. "मग असे काहून बसून राहिले?" म्हणाली. थोड्या वेळानं भाजी चिरता चिरता तिनंच विचारलं, "त्यायनं हात लावू दिला असता, तर उचलले असते न तुम्ही?"

उचलले असते. आनंदानं.

रविवारी विहारात मुलांकडून पंचशील मीच म्हणून घेतो. जीवहत्या करणार नाही, हे पहिलं शील. सोमवारी बारूद भरतो. मी बॉम्बला भीत नव्हतो. भ्यायला हवं होतं. तो गोळा जिथं पडेल तिथंही कोणी भाजी चिरत असेल, हे इतकी वर्षं मी मनात येऊच दिलं नाही.

उद्या मोठ्या साहेबांकडे जाणार आहे. अपमानाची तक्रार केली तर पंडितजी माफी मागतील आणि मला मानानं त्याच गोळ्यांपाशी उभं करतील. म्हणून तक्रार नाही. माझ्या धर्मात हे काम बसत नाही, एवढंच सांगणार. लढाईच्या दिवसांत असं बोलणारा गद्दार ठरतो. मग इथल्या रिछाई औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांतही कोणी उभं करत नाही. बायकोला हे सगळं सांगून झालंय.

गेटच्या ड्युटीवर टाका, नाहीतर घरी बसवा. गोळा भरणार नाही.